तेरावी सायकल

खिंडीखालचा तळ,
१४ जुलै, उन्हं उतरताना

प्रिय ताई, माझी बुरुल एजे,

गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? तुझ्या बटाट्यांना आता फुलं आली असतील.

अक्षराला हसू नकोस, मांडीवर कागद ठेवून लिहितेय. एजे, मी आज खिंड ओलांडली! सोंग-कोल तळ्याचं निळं पाणी मागे टाकून चढले. पंचेचाळिसाव्या वर्षी, एकदाही सायकलवरून न उतरता! उतारावर तर इतक्या जोरात ओरडले, की कुणाची तरी घोडी बुजली.

आम्ही तेरा जण बिश्केकहून निघालोय. शेवटच्या सायकलवाल्याच्या गळ्यात शिट्टी असते आणि त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, असा आमचा नियम. परवापर्यंत ते काम माझ्याकडे आहे. आमचे म्होरके कुबानदादा म्हणाले, "नाझिरा, तुला सारखी पुढे पळायची खोड. आता जरा आमच्या पाठी बघ!"

उतार संपला तिथे एका तंबूतून एक म्हातारी नान घेऊन आली आणि थेट रस्त्यातच उभी राहिली. "घरावरून जाताय, तुकडा मोडल्याशिवाय सोडायची नाही!" सगळ्यांनी मोडला. मी शेवटची. म्हटलं, "आजी, भूक नाही."

"तुझ्या भुकेचं कोण विचारतंय? गुपचूप मोड. नाहीतर ही तुझी शिट्टी माझ्या शेळीच्या गळ्यात बांधीन."

सगळे हसले. मी तुकडा तोंडात घातला आणि मला तुझं दार आठवलं.

एजे, तू फोन उचलत नाहीस. उचलावास तरी का? आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तू म्हणालीस, "तू या घरात पाहुणीसारखीच आलीस." मी तणतणत बॅग उचलली. तू दारात नान घेऊन आलीस. तेवढी चिडलेली असूनही आलीस. मी म्हटलं, "बस चुकेल," आणि हातही न लावता निघाले. आपल्याकडे कुणी शत्रूच्या दारातूनही असं निघत नाही.

बस दोनला होती. तीन तास थांब्यावर बसून होते. परत येऊन तो तुकडा मोडायला दहा मिनिटंही लागली नसती. याला चार वर्षं झाली.

तू बोललीस ते खरं होतं, म्हणूनच लागलं. आईला उचलायचं, धुवायचं, रात्री कूस बदलायची, सगळं तू केलंस. मी पैसे पाठवले आणि स्वतःला मुलगी म्हणवून घेतलं.

आमच्या सामानाचा ट्रक आता तुझ्या कोचकोरला चाललाय. मामात नावाचा ट्रकवाला ही चिठ्ठी तुझ्या हातात देईल. त्याला चहा दे, पण आग्रह करू नकोस, तो उठायचाच नाही.

उद्या दहाच्या सुमारास आम्ही तुझ्या निळ्या फाटकावरून जाऊ. आधी बारा सायकली जातील, धूळ उडेल. त्या गेल्या म्हणून आत वळू नकोस. तेरावी माझी. फाटक बंद असलं तर मी शिट्टी वाजवणार नाही, मुकाट पुढे जाईन. पण तू नान घेऊन उभी असलीस, तर या वेळी मला कुठलीच बस गाठायची नाही.

लहानपणी पेडल तू मारायचीस आणि मी मागे बसून "जोरात, अजून जोरात!" ओरडायचे. तुझी पाठ घामानं भिजलेली असायची. तू दमतेस, हे मला आज चढावर कळलं.

तुझ्या कॅरिअरवर बसून मोठी झालेली,
नाझिरा