पदर धरलेला हात

आई, काल नानांचा दहावा झाला. नदीकाठी माणूस मावत नव्हतं. गाड्या पार डिंभ्याच्या रस्त्यापर्यंत लावलेल्या. कावळा तर पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला. बायका म्हणाल्या, पुण्यवान माणूस. मी मनात म्हटलं, नानांची कुठली इच्छा मागे राहणार, त्यांच्या सगळ्याच हयातीत पुऱ्या झाल्या की. मग नेहमीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडे मेलेल्या माणसाची भाषणांतून लवकर सुटका नसते, हे तुला माहीतच आहे. तुझ्या दहाव्याला मात्र दोनच माणसं बोलली होती आणि दोघंही नानांबद्दलच जास्त बोलली. काल एक पुढारी माइक धरून म्हणाले, ‘‘नाना होते म्हणून या गावात शाळा दिमाखात उभी राहिली.’’ माझ्या शेजारी खालच्या आळीतली माझ्या मैत्रिणीची आई बसली होती. तीच, जी तुझ्याबरोबर खुरपायला असायची. आता तिला नीट दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. रात्रीपासून तुला हे लिहायचं मनात घोळतंय, ते त्या हातामुळे.

तुला ग्रामपंचायतीत सभासद केलं तेव्हा मी तिसरीत होते. गावात बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि गडबड उडाली. नानांनी घरात विचारलंसुद्धा नाही, तुझा फॉर्म भरून मोकळे झाले. बाबा मुंबईला मार्केटात, ते यात्रेला नि दिवाळीला यायचे, त्यामुळे घरचा कारभार त्यांच्या थोरल्या भावाच्या, नानांच्या, हातात असणं हे सगळ्यांना सूर्य उगवण्याइतकं साहजिक होतं. तू निवडून आलीस. नानांनी नारायणगावाहून तुला मोरपंखी रंगाचं नायलॉनचं पातळ आणलं. ‘‘मीटिंगला नेसत जा, चार लोकांत बरं दिसतं,’’ असं त्यांनी तुला नाही, मला सांगितलं, कारण ते तुझ्याशी थेट बोलत नसत नि तूही त्यांच्याशी नाही. तुम्हा दोघांमधली टपालवाली मीच. पातळ सुंदर होतं, पण डोक्यावर ठरत नव्हतं. सारखं घसरायचं. तुझी सुती लुगडी कशी डोक्याला चिकटून बसत. हे नेसलं की तुझा उजवा हात कानाशी कायमचा गुंतून पडायचा.

नाना वाईट नव्हते, हे मला आधीच लिहून टाकू दे, नाहीतर मी रागाच्या भरात त्यांना राक्षस करीन. त्यांनी मला कधी हिडीसफिडीस केलं नाही. त्यांचा जीव बैलांत होता, एवढंच. बेल्ह्याच्या बाजारातून आणलेला तो पांढरा खोंड आठवतो? त्याला तू रोज पहाटे उडदाची डाळ भिजवून, वाटून, वर अंडी फोडून घालायचीस. आमच्या ताटात अंडं सणासुदीला. मी एकदा कुरकुरले तेव्हा तू म्हणालीस, ‘‘तो पळतो, तू कुठं पळतीस?’’ आणि स्वतःच हसलीस. तुझं हसणं मला त्या एका वाक्याबरोबर आठवतं, त्यामुळे ते वाक्य मी जपून ठेवलंय.

मी चौथीत गेले त्या वर्षी पंचायतीकडे थोडा निधी आला होता. एकच काम होईल एवढा. शाळा चौथीपर्यंत होती. गुरुजी म्हणत, गावानं एक खोली बांधून दिली तर पाचवीचा वर्ग मंजूर होईल, मग सहावी-सातवीही ओढून आणू. खोली नाही तर वर्ग नाही. पाचवी ओढ्यापलीकडच्या गावात होती. पोरं सायकलीवर जात, पोरी चौथीनंतर घरी बसत. दुसरीकडे यात्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी घाट बांधून काढायचा होता. गाड्या पळतात तो चढ मातीचा होता, पावसानं दरवर्षी वाहून जायचा. शेजारच्या गावाचा घाट दगडी आणि आपला असा, ही गोष्ट बाप्यांना फार लागली होती. खोली की घाट, हे सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हात वर करून ठरणार होतं.

गुरुजी तुझ्याकडे आले होते. तू चुलीपुढे, ते अंगणात, आणि मध्ये मी. त्यांनी काय सांगितलं ते सगळं मला आठवत नाही, पण शेवटी म्हणाले, ‘‘ताई, बाप्ये घाटाला हात करणार. बाया आल्या तर खोली होईल.’’ तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवसापासून तू वेगळीच झालीस. विहिरीवर, गिरणीत, कांद्याच्या वावरात, जिथे चार बाया दिसतील तिथे तू थांबायचीस. गावच्या बाया तोवर ग्रामसभेला कधी गेल्याच नव्हत्या. ‘‘आमाला काय कळतंय त्यातलं?’’ असं म्हणायच्या. ‘‘आनि कवा हात वर करायचा ते तरी कुनाला ठावं?’’ तू त्यांना सांगितलंस, ‘‘माझ्याकडं बगा. मी हात वर केला की तुमीबी करा.’’ आई, हे तू का सांगितलंस गं? सगळ्यांचे हात तू आपल्या एका हाताला बांधून घेतलेस, आणि तो हात कुठे अडकलेला असतो ते तुझ्याशिवाय कुणाला जास्त माहीत होतं?

मी आजही ते शाळेचं पटांगण बघते. झेंडावंदन झालंय. आम्हा पोरांना कागदावर जिलेबी वाटलीय. बाप्ये लिंबाखाली, बाया व्हरांड्याच्या कडेला तरटावर. बाया आल्यात! गुरुजींचा चेहरा उजळलाय. सभासद म्हणून तुझ्यासाठी वर खुर्ची ठेवलीय, पण नाना पटांगणात असताना तू खुर्चीवर बसणं शक्यच नाही, म्हणून तू बायांच्या पुढे खाली बसलीयस, मोरपंखी पातळात. धाकटा भाऊ तुझ्या मांडीवर झोपलाय, डावा हात त्याच्या मानेखाली. उजव्या हातानं पदर धरलेला. एवढ्यात सरपंच नानांना पुढे बोलावतात आणि त्यांच्यासाठी खुर्ची नेमकी बायांसमोर टाकतात. मुद्दाम केलं असेल का? मी पुष्कळ विचार केला. नसावं. सावली तिथेच होती.

आधी खोलीसाठी हात विचारले. ग्रामसेवक उभा राहून म्हणाला, ‘‘शाळाखोलीच्या बाजूनं कोण कोण?’’ बाप्यांमधून हात वर गेले, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच. सगळ्या बाया तुझ्याकडे बघायला लागल्या. तुझा हात हलला. पदर सोडून तो कानाच्या वर आला, पातळ घसरलं, तुझी वेणी दिसली, आणि तुझा हात खाली येऊन पदर धरून बसला. नाना तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, आई. ते पानाला चुना लावत होते. त्यांनी डोळे वटारले असते, खाकरले असते, तर मला आयुष्यभर रागवायला कुणीतरी मिळालं असतं. त्यांना काही करावंच लागलं नाही. तुझ्या मागे सगळ्या बाया तशाच बसून राहिल्या, कारण तू सांगितलं होतंस तसंच त्या करत होत्या. फक्त सगळ्यांत मागून एक हात वर आला. माझ्या मैत्रिणीच्या आईचा. बौद्ध वस्तीतली ती एकटीच आली होती आणि तिनं तुझ्या हाताची वाट पाहिली नाही. ‘‘बायांमधून एकच?’’ ग्रामसेवकानं विचारलं. कुणीतरी हसलं. तिनं हात खाली घेतला नाही, त्यानं मोजून पुढे जाईपर्यंत तसाच ताठ ठेवला. थोडक्या हातांनी घाट जिंकला. त्या तरटावर बसलेल्या निम्म्या बायांनी हात केला असता तरी खोली झाली असती.

संध्याकाळी तू डाळ वाटत होतीस. मी समोर बसले होते. तू पाट्यावरून नजर न काढता म्हणालीस, ‘‘मला कळलंच न्हाई बया, कवा हात वर करायचा ते. गडबडच लई व्हती.’’ मी ‘हं’ म्हटलं. तू आणखी एकदा तेच सांगितलंस. मी पुन्हा ‘हं’ म्हटलं. मग तू उठून बैलांना घालायला गेलीस.

जूनमध्ये तू मला पाचवीला मंचरला मामाकडे शिकायला नेलंस. त्याच्या आदल्या आठवड्यात तू एकटीच जाऊन आली होतीस, ते का, हे मामीनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तू दोन पोरींसाठी विचारायला गेली होतीस. मी आणि माझी ती मैत्रीण. मामी म्हणाली, ‘‘तुमची आई चुलीपाशी तिला येऊ देईल का, तुमीच सांगा वन्सं.’’ जात आडवी आली. तू वाद घातला नाहीस. तुला वाद घालायला कुणी शिकवलं होतं? परत येताना एसटी आली नाही म्हणून तू घोडेगावपासून चालत आलीस म्हणे. मग तू नानांना कसं विचारलंस, की बाबांकडून विचारवलंस, मला पाठवायचं कसं जमवलंस, ते कुणीच मला सांगितलं नाही. आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही.

ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे तुला माहीत होतं. मी गणित सोडवायला पाटी पुढे ओढेपर्यंत तिचं उत्तर आलेलं असायचं, आणि मी तिचं बघून लिहायचे. पाचवीला ती ओढ्यापलीकडे गेली. पावसाळ्यात ओढा भरला की शाळा बुडायची. मग तिच्या आईला खुरपणीची कामं, घरी धाकटी भावंडं. दिवाळीला मी सुट्टीवर आले तेव्हा ती माझी इंग्रजीची पुस्तकं चाळत बसली, आणि जाताना नीट मिटून परत ठेवून गेली. तिनं मागितलं असतं तर मी दिलं असतं. पुढच्या दिवाळीला ती आलीच नाही, तिला बघायला पाहुणे येऊन गेले होते. जिच्या आईनं हात वर केला तिची शाळा सुटली, जिच्या आईनं नाही केला ती शिकली. मी हे वाक्य कितीदा उलटंपालटं करून पाहिलंय, आई. ते कुठूनही वाचलं तरी तसंच राहतं.

घाट मात्र झकास झाला. पहिल्या यात्रेत आपला पांढरा सगळ्यांच्या पुढे आला, नानांना खांद्यावर घेतलं, तू पुरणपोळ्या लाटून लाटून थकलीस. पुढे मी बारावीला असताना तू काविळीनं गेलीस. मग कोर्टानं शर्यती बंद केल्या आणि घाटावर गवत माजलं, पोरं तिथे शेरडं चारायला लागली. मग सरकारनंच कुठल्याशा योजनेतून शाळेला खोल्या दिल्या. एक नाही, दोन. फरशी, गुलाबी रंग, भिंतीवर बाराखडी. नानांनी फीत कापली. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसं झालं सगळं, कारण तोवर ज्यांची ऐपत होती त्यांची पोरं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जायला लागली होती. काल मी त्या खोल्यांत डोकावले. एकीत पंचायतीचे पाइप ठेवलेत. दुसरीत थोडी पोरं होती, बहुतेक खालच्या आळीची आणि मजुरांची. मी दारात उभी राहिले तर सगळी उठून ‘नमस्ते’ म्हणाली. ‘बसा’ म्हटलं आणि निघाले.

मला कुणावर तरी खूप रागवायचंय आणि कुणी सापडत नाही. तुझ्यावर रागवायला गेले की मला ती वेणी दिसते. नानांवर रागवायला गेले की ते पान लावताना दिसतात. त्या पातळावर काय रागवायचं? तू गेल्यावर तुला तेच नेसवलं होतं. पदर डोक्यावरून घेऊन बायकांनी नीट चापूनचोपून बसवला, तेव्हा कुठे तो एकदाचा जागेवर राहिला.

काल भाषणं संपली, माणसं पांगायला लागली, तरी माझ्या मैत्रिणीची आई उठली नाही. हात माझ्या गुडघ्यावरच. मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘तुजी आई लई भली व्हती. त्या दिवशी तिला कळलंच न्हाई बग, कवा हात वर करायचा ते. माज्या दारात येऊन सांगून गेलती.’’ मी तिच्याकडे पाहिलं. ती नदीकडे तोंड करून बसली होती. तिला खरंच तसं वाटतं की तीही माझ्यासारखं इतकी वर्षं ‘हं’ म्हणत आलीय, मला ओळखता आलं नाही. मी म्हटलं, ‘‘व्हय, गडबड लई व्हती.’’ त्यावर तिनं विचारलं, ‘‘तू व्हतीस न्हवं तिथंच? तुला काय दिसलं?’’ मी म्हटलं, ‘‘मी ल्हान व्हते. जिलेबी खात व्हते.’’ तिनं मान हलवली आणि माझा हात धरून उठली.

हे पत्र तुझ्यापर्यंत येणार नाही. तू असतीस तरी मी ते तुला वाचून दाखवलं नसतं, डाळ वाटता वाटता तू तेच सांगितलं असतंस आणि मी ‘हं’ म्हटलं असतं. पण जिलेबी नुसती हातात होती, आई. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. मी खात नव्हते, तुझ्याकडे बघत होते.