आजीचा संप

फिंतास, कुवेत
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,

सुरुचीचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तूही मजेत असशील, असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. तू कशी आहेस हे मला ठाऊकच नाही. चार महिने झाले, तुझा फोन रेखावहिनीच उचलते आणि "आई देवळात गेल्यात" म्हणते. दिवसातून तीनदा देवळात जायला तू कधीपासून लागलीस गं?

म्हणून पत्र. शेजारची प्रेमा सोमवारी गावी निघालीय, तिच्या बॅगेत देतेय. या वेळी सोबत खोका नाही.

इकडे आता हवा बरी आहे. माझी लॅबमधली ड्यूटी सकाळची आहे. काल इथल्या मराठी मंडळाने सलवा भागातल्या एका हॉलमध्ये एक जुना जपानी सिनेमा दाखवला. दोन भाऊ टीव्हीसाठी हट्ट धरतात. वडील ओरडतात, किती बडबड करता! तर पोरं म्हणतात, बडबड तुमचीच, नमस्कार काय नि हवा छान आहे काय. आणि बोलणंच टाकतात. हॉल खो-खो हसत होता, मीही. तेवढ्यात सोनल माझ्या कानाशी लागली, "ममा, आजी इज ऑन स्ट्राइक टू. बट शी ऑलरेडी हॅज अ टीव्ही!"

माझं हसू तोंडातच राहिलं.

तो टीव्ही अजून खोक्यात आहे आणि त्यावर तू पापड वाळत घालतेस, हे वहिनीने सांगितलंय. मसाजच्या मशीनवर मांजर झोपतं म्हणे.

आई, बाबांच्या वर्षश्राद्धाला रजा मिळाली नाही असं मी म्हणाले, ते खोटं होतं. मिळाली होती. आम्ही बाकूला फिरायला गेलो. तुझ्या जावयाला, शैलेशला बोल लावू नकोस, तिकिटं मीच काढली. बाबांची रिकामी खुर्ची बघायची मला भीती वाटली. मग लाज वाटली, म्हणून दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही पाठवला. तो आणि सोनलने स्टेटसला लावलेला तिथल्या केबलकारमधला फोटो तुझ्यापर्यंत एकाच आठवड्यात पोचले.

त्याआधी तरी मी काय विचारायचे? जेवलीस का, गोळी घेतलीस का, खोका पोचला का. बाबांशिवाय तुझा दिवस कसा जातो, हे एकदाही विचारलं नाही.

२८ तारखेला येतेय. एकटी, एका पिशवीनिशी. ओरडलीस तर फार बरं वाटेल. नाहीच बोललीस, तरी त्या खुर्चीसमोर तुझ्याशेजारी बसून राहीन.

तुझी,
रजा मिळालेली,
सुरुची