डावीकडून तिसरी खाट

चिरंजीव झाकणास,

ताईचे अनेक आशीर्वाद. त्यातले दोन-तीन रागाने दिलेले आहेत, ते कुठले हे पुढे वाचताना कळेलच. तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? ऑफिसात एसीच्या बरोबर खाली असलेली ती खुर्ची बदलून मागितलीस, की साहेबांना वाईट वाटेल म्हणून अजून तिथेच शिंकत बसला आहेस? (लहानपणी तू दुधावर, पाण्याच्या पेल्यावर, एकदा तर झोपलेल्या मांजरावरसुद्धा झाकण ठेवलं होतंस, माशी बसेल म्हणून. नाव उगाच नाही पडलं.) आम्ही इकडे मजेत आहोत. आई बरी आहे, गुडघा सोडून. तुझ्या भाऊजींचा आवाज बसला आहे, पण तो आनंदाने ओरडून बसला आहे, तेव्हा काळजी नसावी.

इतक्या वर्षांनी कागदावर पत्र का, असं मात्र विचारू नकोस. माझ्या स्टुडिओचं पेज तुमच्याच सोशल मीडियावाल्या कंपनीने बंद केलं आहे आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पण मी रडगाणं गायला बसलेली नाही. आपण जिंकलो रे! म्हणजे मी जिंकले. तू तेव्हा दुसऱ्या बाजूला होतास.

सगळं मुळापासून सांगते, कारण तुझ्यापर्यंत यातलं अर्धंच आलं असणार, आणि तेही सरकारी बाजूचं. बाबा गेल्यापासून स्टुडिओ मी चालवते, पण नियम त्यांचेच. फोटोत आहे ते पुसायचं नाही आणि नाही ते घालायचं नाही. (गिऱ्हाइकाने अगदी हातापाया पडून मागितलं तर गोष्ट वेगळी.) आणि फोटोखाली डावीकडून उजवीकडे जे जे चौकटीत आलं असेल त्याची ओळख लिहायची, कुणाला म्हणून गाळायचं नाही. बाबांनी एका लग्नाच्या फोटोखाली नवरदेवाच्या आत्याचं नाव चुकून गाळलं होतं, तर ती बाई मरेपर्यंत आपल्या दुकानावरून मान फिरवून जायची. तेव्हापासून आपल्या घरात हा नियम पाळला जातो.

तर आपल्या चौकातल्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन झालं आणि मंत्र्यांच्या कचेरीने फोटो काढायला मला बोलावलं. मंत्रिमहोदय माणूस उमदा, हसतमुख, पण एक खोड अशी की फ्लॅश उडाला रे उडाला की डोळे मिटलेच. फीत कापताना मिटलेले, औषधांचं कपाट उघडताना मिटलेले, डॉक्टरांशी हात मिळवताना तर असे मिटले की डॉक्टर त्यांची नाडी बघायला लागले. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी त्यांना मोठ्या खोलीत डॉक्टरांशेजारी उभं केलं, आणि नेमका त्याच वेळी मागच्या दाराशी धाडकन आवाज झाला. झालं होतं असं की दवाखान्यातल्या खाटा दवाखान्याच्या नव्हत्याच. त्या एका वसतिगृहातून उद्घाटनापुरत्या उसन्या आणल्या होत्या, त्या परत न्यायला टेम्पो वेळेआधीच येऊन उभा राहिला आणि दोघा हमालांनी पहिलीच खाट बाहेर काढताना दाराच्या चौकटीवर आपटली. मंत्रिमहोदय दचकले, डोळे टक्क उघडले, आणि माझं बोट दाबलं गेलं. त्या अख्ख्या कार्यक्रमात त्यांचे डोळे उघडे असलेला हा एवढा एकच फोटो.

कचेरीतल्या लोकांना डोळे दिसले आणि ते लोक इतके हरखले की मागे बघायचं राहूनच गेलं. त्यांच्या पेजवर तोच फोटो, खात्याच्या पेजवर तोच, पक्षाच्या झाडून सगळ्या पेजेसवर तोच, ठेकेदारांच्या अभिनंदनात तोच. मंत्र्यांनी स्वतःचा जुना फोटो काढून तिथेही हाच लावला. (त्यांच्या कुणीतरी खाली लिहिलं, नजरेत जनतेची काळजी बघा. काळजी होतीच, पण खाटेची.) मीही नेहमीप्रमाणे माझ्या पेजवर टाकला आणि नियमाने खाली लिहिलं: डावीकडून मंत्रिमहोदय, डॉक्टर (आजच्यापुरते), खाट (परत जाताना) आणि ती नेणारे दोघे.

शपथेवर सांगते, माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण लोकांनी ते वाचलं आणि गावभर झालं. मग आला मंत्र्यांच्या कचेरीचा प्रसिद्धी अधिकारी. त्याला आम्ही इस्त्रीवाले म्हणतो, कारण त्याच्या शर्टाला बसल्यावरसुद्धा घडी पडत नाही. पहिल्यांदा म्हणाला, फोटो काढून टाका. मी म्हटलं, मग तुम्हीही काढा, एकच तर आहे. दुसऱ्यांदा आला तो टाइप केलेला कागद घेऊन. फोटोत फेरफार केला असून खाट मागाहून घातली आहे, असं मी कबूल करते म्हणे, खाली सही. मी विचारलं, यातलं खोटं नेमकं काय, खाट की मंत्री? तो हसला नाही. सही केली नाहीत तर तुमचं पेज राहणार नाही, एवढं बोलून गेला.

आता तुला खरं सांगते, त्या दिवशी मी घाबरले होते. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या पेजवरून येतात हे तुला माहीत आहे. पण सही केली असती तर बाबांच्या पाटीखाली बसून मी उद्या कुणाचा फोटो काढणार होते? ज्याने त्याने विचारलं असतं, ताई, हा खरा की तसला? मी कागद परत केला. दुसऱ्याच दिवशी तुझा फोन. आवाज इतका खाली की मला वाटलं तू कपाटात बसून बोलतो आहेस. "ताई, वरून विनंती आली आहे, पण ती विनंती नाहीये गं." तुमच्या साहेबांना बोलावून चहा पाजला आणि चहा पिता पिता ऑफिसला कुलूप लागू शकतं असं सहज सुचवलं, लेखी काही नाही. तू म्हणालास, मूग गिळून गप्प बस. मी तुला काय म्हणाले ते आई शेजारी असल्यामुळे अर्धवट राहिलं. संध्याकाळपर्यंत फोटो गेला आणि पाठोपाठ माझं पेज.

आणि इथून पुढे, झाकणा, मी आयुष्यात इतकी कधी हसले नव्हते. कचेरीने सांगितलं होतं, हा फोटो खोटा आहे, जिथे दिसेल तिथून काढा. तुमच्या साहेबांची पाचावर धारण बसलेली, त्यांनी ते काम सरळ यंत्राकडे दिलं. यंत्राला मंत्री कळत नाही आणि खाटही कळत नाही, त्याला फक्त फोटो कळतो. त्याने खात्याचं पेज साफ केलं, पक्षाची सगळी पेजेस धुऊन काढली, ठेकेदारांची अभिनंदनं उडवली. मंत्र्यांच्या कचेरीतल्या बिचाऱ्यांनी फोटो पुन्हा टाकला, तो पुन्हा गेला. पुन्हा टाकला, पुन्हा गेला. शेवटी वारंवार बंदी असलेला मजकूर टाकल्याबद्दल मंत्रिमहोदयांचं खातंच बंद झालं, आणि तेही मंत्रिमहोदयांच्याच विनंतीवरून! तुझे भाऊजी हे वाचून जे ओरडले ते अजून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसले आहेत.

इस्त्रीवाले तिसऱ्यांदा आले तेव्हा शर्टाला घड्या होत्या. दुसरा कुठलाही फोटो चालेल म्हणाले. मी सगळे दाखवले, मिटलेले, अर्धे मिटलेले, एक डोळा मिटलेला. त्यांनी त्यातल्या त्यात बरा निवडून खात्याच्या पेजवर लावला, तर खाली लोकांनी लिहिलं, हळू बोला, साहेब झोपलेत. तोही काढावा लागला. शेवटी मंत्र्यांचं खातं उघडायला एकच वाट उरली. फोटो खरा आहे, त्यात कसलाही फेरफार नाही, असं कचेरीने तुमच्या कंपनीला सही-शिक्क्यानिशी कळवायचं. आणि कळवलं रे! ज्या माणसाने मला खोटं लिहून मागितलं होतं, त्यानेच खरं लिहून दिलं, आणि माझ्याच टेबलावर, माझंच पेन मागून घेऊन. मी चहा दिला. चहाच दिला, सुचवलं काही नाही.

आता फोटो खरा म्हटल्यावर खाटही खरी, आणि ती परत चालली होती हेही खरं. विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात विचारलं गेलं, वर्तमानपत्रात आलं, आणि परवा सकाळी दवाखान्यासमोर टेम्पो लागला. या वेळी खाटा दवाखान्याच्या स्वतःच्या, आणि त्यांच्यामागून डॉक्टरसुद्धा, रोज येणारे. पहिल्या खाटेवर आपली आई गुडघा पुढे करून बसली आणि हटेना. मी फोटो काढला. खाली लिहिलं: डावीकडून आई, डॉक्टर, खाट (येताना). लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, ते बाबांमुळे. स्टुडिओच्या काचेच्या दाराला आतून चिकटवला आहे, येणारे-जाणारे थांबून वाचतात.

बाकी सर्व ठीक. जपून राहा, वेळेवर जेव.

तुझी ताई

ता. क. खुर्ची मात्र बदलून घेच.

आणखी एक ता. क. फोटो काचेला का चिकटवला, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. सगळ्यांची पेजेस उघडली, मंत्र्यांचं, खात्याचं, ठेकेदारांचं, आणि माझं एकटीचं तेवढं बंद आहे. मी तीनदा अर्ज केला, तीनदा उत्तर आलं की विचार चालू आहे. हा विचार तुमच्याच मजल्यावर चालतो म्हणे, आणि तूही त्याच खात्यात आहेस. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

शेवटची ता. क. पेज उघडलं की मी पहिल्यांदा काय टाकणार, हे अजून ठरायचं आहे. या स्टुडिओतून आजवर फक्त एक फोटो खोटा गेला आहे. तो तू हातापाया पडून करून घेतलास, डोक्यावर केस घालून. तुझ्या होणाऱ्या सासरच्यांनी तुला अजून टोपीशिवाय पाहिलेलं नाही असं आई सांगत होती. मूळ फोटो माझ्याकडे जपून ठेवला आहे. या आठवड्यात पेज उघडलं तर मी आईचा आणि खाटेचा टाकीन. उशीर झाला, तर काचेच्या दारावर अजून बरीच जागा आहे, आणि खाली काय लिहायचं तेही ठरलं आहे: डावीकडून पहिला, माझा भाऊ. ही विनंती आहे, झाकणा. पण ती विनंती नाहीये.