अप्पांनी सांगितलेला खुनी

पनवेल, रविवार संध्याकाळ, २०१३

अप्पांना हसायला नको होतं मी.

जुन्या रहस्यकथेवरची नवी मालिका लागली आणि सासऱ्यांनी नेहमीसारखं सुरुवातीलाच सांगून टाकलं, "खून डॉक्टरनं केलाय." आम्ही सगळे त्यांच्यावर ओरडलो. आज शेवटच्या भागात खुनी निघाली नर्स! मग काय, हसलो, मीसुद्धा. अप्पा उठून आत गेले. हल्ली किल्ल्या, नावं विसरतात ते. कळायला नको मला?

नंतर त्यांनी कपाटातून त्या रहस्यकथेचं मूळ पुस्तक काढलं. "सूनबाई, शेवट वाच. चष्मा सापडत नाहीये."

चष्मा डोळ्यांवरच होता.

वाचला. पुस्तकात डॉक्टरच! मालिकावाल्यांनीच खुनी बदललाय.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," अप्पा म्हणाले, आणि किती दिवसांनी खुलले.

चष्म्याचं मी बोललेच नाही.