नव्या डिस्कला लावलेलं तेल

बाबा, आज दुपारी तुमच्या नातीच्या गाडीला ब्रेक लागला नाही. ती धड आहे, साधं खरचटलंसुद्धा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तार आली की तुम्ही ती फोडायच्या आधी खाली बसायचात, ते मला आठवतं. बसू नका. बसलोय मी.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी ती झाली. आता चोवीसची आहे आणि मोपाला विमानतळावर नोकरी करते. हो, त्याच सड्यावर, जिथं तुम्ही मला एकदा करवंदं काढायला नेलं होतं आणि परतताना वाट चुकला होता. आता तिथं विमानं वाट न चुकता उतरतात. मुळगावातून ती रोज गाडीनं जाते, एकटी, आणि घरी पोचेपर्यंत मी अंगणात उगाच येरझाऱ्या घालतो. आठवडाभर पुढची चाकं किरकिरत होती. वाकून पाहिलं तर ब्रेकचे पॅड पत्र्यासारखे झिजलेले आणि डिस्कवर चरे पडलेले. गॅरेजात न्यायला हवी होती. पण मी वर्तमानपत्रात गॅरेजवाल्यांची इतकी टिंगल केलीय की त्यांच्या दारात उभं राहायला मला तोंड उरलेलं नाही. शिवाय मी मेस्ताचा मुलगा. खाणीच्या वर्कशॉपात तुमच्या हाताखाली अख्खे टिपर ट्रक उघडून पुन्हा जुळायचे, आणि गावात अजूनही कुणी मला हाक मारतं ती "मेस्ता" अशी, तुमच्याच धंद्यानं. चार पाने आणि एक जॅक असला की रक्त आपोआप काम करतं, असा माझा समज होता.

आणि खरंच, सकाळभर काम झकास चाललं होतं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, मागच्या चाकांना चिरे लावले. पॅड आवळणारा कॅलिपर सोडवून तारेनं टांगून ठेवला, नळीवर लोंबकळू दिला नाही. जुनी डिस्क गंजानं अशी चिकटलेली की घण घालावा लागला. निघाली तेव्हा तिच्या काठाला नखभर कंगोरा होता. मी तो बोटानं चाचपला आणि गार पडलो: माझी मुलगी रोज ह्याच्या भरवशावर उतार उतरत होती. नव्या डिस्क दुकानातून येतात तेव्हा गंज चढू नये म्हणून त्यांना तेलाचा हात दिलेला असतो. तो थिनरनं पुसायचा, फडकं कोरं निघेपर्यंत. पुसला. दोन्ही डिस्क वर्तमानपत्रावर मांडल्या. नेमकं माझ्या लेखाचं पान आलं होतं. इतक्या वर्षांत त्या मजकुराचा कुणाला थेट उपयोग झाला तो हा पहिलाच. मग बायकोनं हाक मारली आणि मी हात धुऊन जेवायला गेलो.

जेवून आलो, डिस्क चढवल्या, पॅड बसवले. पेडल दहा-बारा वेळा दाबून घट्ट करून घेतलं. अंगणात गाडी हातभर पुढं, हातभर मागं केली, थांबली. मुलगी घड्याळ दाखवत उभी. "पपा, दोनाची ड्यूटी." मी ऐटीत चावी दिली.

आपल्या दारातून मोठ्या रस्त्यापर्यंतचा उतार तुम्हाला ठाऊक आहे. आता तो डांबरी आहे, एवढाच फरक. मी हातात फडकं घेऊन वरून बघतोय. खाली रस्त्यावर खाणीचा टिपर येतोय, भरलेला. गाडीचा मागचा लाल दिवा पेटतो. म्हणजे तिनं ब्रेक दाबलाय. दिवा पेटलेला आहे आणि गाडी चाललेली आहे. बाबा, हे एवढंच वाक्य मी दुपारपासून डोक्यात पुन्हा पुन्हा लिहितोय आणि त्यातला एक शब्द मला हलवता येत नाही. दिवा पेटलेला आहे आणि गाडी चाललेली आहे. मग तिनं हँडब्रेक ओढला, स्टीअरिंग डावीकडं मारलं, आणि गाडी शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या गडग्यात शिरली. टिपर निघून गेला. त्याच्या ड्रायव्हरला काही कळलंही नसेल.

ती चालत वर आली. चेहरा पांढराफटक. पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? "पपा, हांवें ब्रेक मारिल्लो. खऱ्यांनीच मारिल्लो." म्हणजे चूक तिची नाही हे ती मला पटवत होती. मला! शेजारी मागोमाग आले, आधी तिला पाणी दिलं, मग ढासळलेल्या चिऱ्यांकडं पाहून मला म्हणाले, "आतां पेपरार बरय, सरकारान गडगो रस्त्यार हाडलो म्हूण." सरकारनं गडगा रस्त्यावर आणला असं मी पेपरात लिहावं म्हणे, आणि हे टोचणं मी कमावलेलं होतं.

सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत वर आणली, चाक काढलं. डिस्कवर पॅडचा काळा लेप, आणि वास आला. भाजक्या खोबरेल तेलाचा वास. घरात तेल कुणी लावेल हे विचारायची गरजच नव्हती, तरी मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आई, डिस्कला तेल कुणी लावलं?" ती दारात आली, ब्याऐंशी वर्षांची, ताठ. "हांवें लायलां. नव्या लोखणाक तेल लायनासतना कोण काम सुरू करता? तुज्या बापायन हेंच शिकयलां न्हय?"

हेच शिकवलं होतंत, बाबा. भाजी चिरायची नवी आदोळी, नवा कोयता, नवी कुदळ, घरात येणाऱ्या प्रत्येक लोखंडाला आधी खोबरेल तेल, मग कुंकवाचं बोट, मग काम. सतराव्या वर्षी, खंडेनवमीच्या दिवशी, तुम्ही मला पान्यांचा सेट दिलात आणि मी शहाणपणा केला, "तेल लावलं हे लोखंडाला कळतं का?" तुम्ही माझ्या हातून सेट परत घेतलात. तो आठ दिवस मिळाला नाही. एवढंच म्हणालात, "लोखणाक कळना. हाताक कळटा." त्याचा अर्थ मला फार पुढं लागला. तेल लावताना हात सगळीकडून फिरतो, आणि कुठं चीर आहे, कुठं धार बोथट आहे, ते हाताला समजतं. ते तपासणं होतं. आम्ही त्याला पूजा समजलो, आणि तुम्ही समजू दिलंत.

पण मी तुम्हाला वर्कशॉपातही पाहिलंय. तुमचा डबा घेऊन यायचो तेव्हा. टिपरच्या ब्रेकचे पट्टे तुम्ही पेट्रोलनं पुसायचात, आणि तेलाचा हात घेऊन कुणी त्यांच्या जवळ आला तर माणूस कितीही मोठा असो, बाहेर काढायचात. एकदा इंजिनियरला काढलंत. म्हणजे तेल तुम्ही घरी शिकवलंत आणि पेट्रोल वर्कशॉपात ठेवलंत. आईला अर्धीच विद्या मिळाली. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून तुम्ही तिला एकदाही सांगितलं नाहीत की एक लोखंड असं असतं ज्याला तेल लावलं तर माणूस मरतो. खाणीवर काय करता हे तिनं विचारायचं नसे, तुम्ही सांगायचं नसे. अशी आपली पद्धत. ह्या पद्धतीवर चिडून मी आज दुपारी तुमच्या फोटोकडं बघत जे बोललो ते इथं लिहीत नाही.

मी आईला सगळं समजावलं. फार व्यवस्थित समजावलं, लेखात समजावतो तसं, एकेक मुद्दा टोचून. ती ऐकत राहिली. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "म्हज्या हातान जालें हें?" एवढंच विचारलं. मी थिनरची बाटली शोधायला वळलो, आणि ते वळणं म्हणजे हो. ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. सगळ्यांच्या मागून जेवायची तिची सवय, त्यामुळं तिचं ताट झाकलेलंच आहे. बायकोनं दोनदा विचारलं, नातीनं कामावर पोचल्यावर फोन केला, शेजारच्या टॅक्सीनं गेली ती, म्हणाली, "आजीक फोन दी." आजीनं घेतला नाही.

मी मात्र कामाला लागलो. तेलकट पॅड फेकून दिले, ते आता पुसून भागत नाही. डिस्क पुन्हा थिनरनं धुतल्या. फडकं कोरं निघालं. सगळं बघून बायको म्हणाली, "बसवताना तुम्हाला दिसलं नाही?" मी म्हणालो, नाही. उन्हात चकाकत होत्या, कसं दिसणार.

दिसलं होतं, बाबा. जेवून आलो तेव्हा दोन्ही डिस्कवर कुंकवाचं बोट होतं आणि भोवती सगळीकडं तेल. मला हसू आलं, जरा बरंही वाटलं, तुम्ही येऊन गेल्यासारखं. कुंकू मी अंगठ्यानं पुसलं. तेल पुसायला थिनरची बाटली पुन्हा उघडायला हवी होती, मुलगी घाई करत होती, आणि आईनं मायेनं लावलेलं लगेच पुसायचं जिवावर आलं. दोन ब्रेकांत जळून जाईल, असं मी स्वतःशी म्हणालो. "जाता रे," चालून जाईल, असंच म्हणालो. ह्याच दोन शब्दांवर मी पंचवीस वर्षं सगळ्या गोव्याला झोडपतोय. मला दोन्ही विद्या ठाऊक होत्या. आईला एकच.

स्वयंपाकघर इथून बारा पावलांवर आहे. तुम्हाला लिहायला बसलो, कारण तुम्ही उलट काही विचारत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.