दुपारी न झोपणारी बाई

मंगळवार

चि. शाईबाईस,

अनेक उ. आ., आणि वि. वि. की तुझं नवं पुस्तक पोचलं. खून हसत हसत वाचला. तुझी माणसं नेहमी दिवाणखान्यातच का मरतात, हे काही मला उमगत नाही. इथे खरा खून झालाय, तो गादीवर.

समोरचा गादीवाला गेला. तुला आठवतच असेल, नवी गादी शिवून झाली की गिऱ्हाइकाला देण्याआधी दुपारभर तो स्वतः तिच्यावर झोपायचा. जिच्यावर मला झोप लागत नाही ती मी विकत नाही, म्हणायचा. शनिवारी तसाच आडवा झाला तो उठलाच नाही. तोंडावर उशी होती. पिंजलेला कापूस मात्र रोजच्यासारखा दारातून तरंगत बाहेर येत होता, गल्लीवर हलके हलके उतरत होता. त्याला काय, कोण मेलं नि कोण जगलं.

फौजदाराने टाकेवालीला नेऊन कोठडीत घातलंय. तीच गं, तिथल्या गाद्यांना टाके घालते आणि रोज सकाळी येऊन माझ्या सुयांत दोरे ओवून ठेवते. त्या दिवशी सुट्टीवरून तिचं मालकाशी वाजलं होतं. जेवून परत आली, तिनेच त्याला तसा पाहिला, तिनेच ओरड केली. तिच्या ओरडण्याने सगळी गल्ली गोळा झाली. फौजदार इथे नवा आहे. समोरच्या खिडकीत कोण बसतं म्हणून त्याने विचारलं. म्हटलं, मी. मी काही या आळशांसारखी दुपारी झोपत नाही. मग आत कोण गेलं, असं विचारलं. म्हटलं, टाकेवालीशिवाय चिटपाखरू नाही.

तेव्हापासून सुया रिकाम्या आहेत.

गुडघे आपल्या जागी आहेत. लोभ आहे तेवढा पुरे, पत्र मात्र जास्तीचं पाठव.

तुझी,
आजी

शुक्रवार

ती. आजीस,

सा. न. वि. वि. (खरंच वाकून केलाय, खुर्चीतून नाही.)

तुझं पत्र वाचून हातातलं प्रकरण बाजूला ठेवलं. माझ्या अकलेप्रमाणे खून त्या बाईने केला असणार जिने ती गादी करायला टाकली होती. का, ते विचारू नकोस. कादंबरीत शोभतं म्हणून.

पण टाकेवाली? आजी, ती मुंगीला वळसा घालून जाते. आणि एक विचारू? चिडणार नसलीस तर. नाही, चिडशीलच, तरी विचारते. सुट्टीत तुझ्याकडे यायचे तेव्हा दुपारी तू खिडकीत हनुवटी छातीला टेकवून बसायचीस. कापूस येऊन तुझ्या केसांवर बसायचा. मी फुंकर मारून तो उडवायचे, आणि तू डोळे न उघडता म्हणायचीस की मी जागी आहे. मग लगेच घोरायचीस. त्या शनिवारी तू खरोखर जागी होतीस का गं?

माया कर, पण आधी उत्तर दे.

तुझी,
शाईबाई

रविवार

चि. शाईबाईस,

आ. देते, पण आज जरा कमीच. आजीला असं विचारतात? मी झोपत नाही. डोळ्यांना विश्रांती देते.

हे लिहून तीन वेळा चहा केला आणि एकदाही प्यायले नाही. तर ऐक. झोपले होते. स्वप्नही पडलं होतं. समोरच्या दारातून एक माणूस बाहेर आला, सगळा पांढरा. डोकं पांढरं, अंग पांढरं, ढगातून कातरून काढल्यासारखा. उजेडात उभा राहिला, स्वतःकडे बघितलं, आणि परत ढगात गेला. मग तिथून दुसराच माणूस बाहेर आला, काळसर, बारका, नुसत्या शर्टावर, रिकाम्या हातांनी. मला वाटलं, कोणी मेलं की माणूस असाच आधी पांढरा होऊन येत असेल. छान वाटत होतं बघायला. मग टाकेवाली ओरडली.

तुझं पत्र आल्यावर ते स्वप्न उलटसुलट करून पाहिलं. दुकानातली माणसं कधी पांढरी होऊन बाहेर पडत नाहीत. अंगात गुळगुळीत डगला, डोक्याला रुमाल, आणि उंबऱ्यात उभं राहून ओल्या कुंच्याने झटकल्याशिवाय मालक पाऊल बाहेर टाकू देत नसे. पांढरा बाहेर आला तो कामाचा माणूस नव्हेच. मालकाला झोप लागायची वाट बघत कापसाच्या ढिगात दडून बसलेला कोणीतरी. आणि कापूस एवढा धरून ठेवते ती लोकर. म्हणजे पांढरा आणि काळसर एकच, परत आत जाऊन डोकं झटकून, कोट काढून आलेला.

गल्लीत लोकरीचा काळा कोट एकाचाच, गादीवाल्याच्या मेहुण्याचा. दुकान मोडून तिथे यंत्राच्या गाद्यांचा मोठा काचवाला थाट मांडायचा म्हणून तो मालकाच्या मागे लागला होता, आणि मालक ऐकत नव्हता. त्याच कोटाशिवाय तो भर थंडीत अंत्यविधीला उभा होता. कुडकुडत होता. बायका म्हणाल्या, बघा कसा दुःखाने थरथरतोय.

आता हे सांगायचं तर आधी काय सांगावं लागेल, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या आजोबांपाशीसुद्धा कधी कबूल केलं नाही मी ते.

लोभ तुझ्याकडेच ठेव, मला इथे सुचत नाही.

आजी

बुधवार

ती. आजीस,

सा. न. घाईत. आजी, ती बाई कोठडीच्या फरशीवर निजते आणि तू खिडकीतली अब्रू सांभाळतेस? सांगून टाक. आणि हात रिकामे होते तर कोट आतच आहे. तो शोध. जपून, तो माणूस उशी वापरतो.

काळजीत,
शाईबाई

सोमवार

चि. शाईबाईस,

अ. उ. आ., सगळे परत देते, मागचे कापलेलेही.

टाकेवाली सुटली. हे आधी लिहिलं, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचतेस.

चौकीत गेले तर तिथे अर्धी गल्ली, मेहुणाही पुढेच. म्हटलं, होऊन जाऊ दे. मोठ्याने सांगितलं की मी दुपारी झोपते, रोज झोपते. वाटलं, धरणी दुभंगेल. दूधवाली म्हणाली, आजी, त्यात काय नवल, तुमचं घोरणं थांबलं की आम्ही चहा टाकतो. न्हावी म्हणाला, माझ्या दुकानात ऐकू येतं. सगळ्यांना ठाऊक होतं! फौजदाराला मात्र कोणी सांगितलं नव्हतं, माझा मान राखायला. फौजदार म्हणाला, अहो, ही कोठडीतली बाईसुद्धा म्हणाली होती की आजी जाग्याच असतात. स्वतःच्या गळ्याशी आलं तरी माझा मान राखत बसली, वेडी कुठली. मला राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं.

पांढऱ्या माणसाचं मी फौजदाराच्या कानातच सांगितलं. तो म्हणाला, स्वप्नावर कोणाला धरता येत नाही. विचारलं, कपाटं बघितलीत, गाद्या बघितल्यात का? नव्हत्या. म्हटलं, तुमची पाठ धरलेली दिसते, गादी बघायला चला साध्या कपड्यांत.

दुकानाचं सील निघालं होतं आणि मालकाची बायको दिवसभर गल्ल्यावर बसायची, म्हणून मेहुण्याला आत एकटं राहायला मिळालं नव्हतं. तो तिथेच घुटमळत होता. मी तिला कोपऱ्यावर चहाला पाठवलं. मग एकेका गादीवर पडून पाहायला लागले. फौजदारही ठरल्याप्रमाणे डोळे मिटून एका गादीवर आडवा झाला. मेहुणा म्हणाला, झोपा आजी, तुम्हाला काय, कुठेही लागते. पण कोपऱ्यातल्या गादीवर अंग टाकलं तशी त्याची बोबडी वळली. ती विकली गेलीय, उठा, म्हणायला लागला. मी घोरले. त्याने हाक मारली, हलवलं. मी आणखी घोरले. इतकं नीट मी झोपेतसुद्धा घोरत नसेन. पाठीखाली एक गुंडी टोचत होती.

मग तो माझ्या पायांशी बसला आणि त्या दिवशी आपणच घाईने मारलेले टाके उसवायला लागला. कापसाची पिसं उठली, उन्हात फिरायला लागली, माझ्या पापण्यांवर बसली. खरंच झोप यायला लागली गं. त्याने काळी बाही बाहेर ओढली तेव्हा मी डोळे उघडले आणि फौजदाराला हाक मारली. तो शेजारच्या गादीवर खरंच गाढ झोपला होता. उशी फेकून मारली तेव्हा उठला. मेहुणा पळायला गेला, तर मी दारात उभा करून ठेवलेल्या टाकेवालीच्या दिराने त्याला धरला. असा पांढरा झाला होता, अगदी माझ्या स्वप्नातला.

आज सकाळी टाकेवाली आली. सगळ्या सुयांत दोरे ओवून गेली.

आता नवीच पंचाईत. दुपारी मी खिडकीत खरोखर झोपते, आणि गल्लीत कोणी मोठ्याने बोलत नाही. पोरं खेळायची थांबतात, न्हावी गुपचूप कात्री चालवतो, दूधवाली कुजबुजते की जपून, आजी जागी आहे. मी घोरून घोरून सांगते, तरी कोणाचा विश्वास बसत नाही.

लोभ आहेच. तो दुपारी पाठवू नकोस.

तुझी,
आजी