तुर्रेवाला वाट देत नाही

मंगळवार, ४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लिहून कधीच झालं होतं, पण टाकायला जाणं जमलं नाही. मग ते शिळं झालं म्हणून फाडून हे नवीन लिहिलं. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. शिंप्याचा हात, टाके सरळ घालतो आणि ओळी वाकड्या.

इकडे सर्व ठीक. तुझा दादा आणि वहिनी सकाळी कामावर जातात, दिवेलागणीला येतात. माझ्या गुडघ्याचं चालूच आहे. जावईबापूंचा खोकला गेला का?

तू जाताना लॅपटॉपवर लावून दिलेला तो राज्यांचा खेळ मी रोज खेळतो. त्यातले इंग्रजी शब्द वाचता येत नाहीत, पण हिरवं बटण होकाराचं आणि लाल नकाराचं, एवढं तू सांगितलेलं पुरतं. आता मात्र अडकलोय. माझं राज्य कोपऱ्यात, मागे डोंगर, आणि पुढे सगळा मुलूख त्या तुर्रेवाल्या राजाचा. सुरुवातीला त्यानंच विचारलं होतं, तुझ्या हद्दीतून जाऊ देतोस का? मला वाटलं, हेरगिरी करेल मेला. लाल दाबलं. त्यानंही आपली हद्द बंद केली. तेव्हापासून नवं गाव वसवायला निघालेल्या माझ्या गाड्या वेशीवर उभ्या आहेत.

मी घोडे पाठवले, मीठ पाठवलं. तो हसतो, मान डोलावतो, भेट ठेवून घेतो आणि वाट मागितली की हाताची घडी. मी तोंडानं समजावतो, "अरे बाबा, यात बायकापोरं आहेत, सैन्य नाही." यंत्राला काय कळतंय. शेवटी म्हटलं, आपणच मोठेपणा घ्यावा. माझी हद्द त्याला मोकळी करून दिली, बदल्यात काही न मागता. आता त्याचं घोडदळ माझ्या शेतांतून जातं-येतं. त्याची वेस बंद ती बंदच.

वहिनी म्हणाली, "बाबा, मशीनशी कसले भांडता?" मी म्हटलं, "माणसं दिवसभर कुठे सापडतात भांडायला?" ती हसली नाही. स्वभावानं वाईट नाही ती, दमून येते.

तुला दादानं बसचं सांगितलंच असेल. मी हरवलो वगैरे नव्हतो. बटणं आणायला गेलो, बस चुकीची लागली, आणि पोलिसांनी उगाच गाडीतून घरी सोडलं. दादा त्या दिवशी रडला गं. म्हणाला, "बाबा, किल्ली माझ्याकडे द्या. दार काही बंद करणार नाही, फक्त मला कळवून जात जा." त्याचं तोंड बघवेना. दिली काढून.

दुसऱ्या दिवसापासून ते बाहेरून कुलूप लावून जातात.

विचारलं की म्हणतो, "बघू, रविवारी बोलू." रविवारी तो झोपतो. तुर्रेवाला निदान तोंडावर नाही म्हणतो.

हे तुला लिहायचं नव्हतं. पण परवा दुपारी जळाल्याचा वास आला. दारापाशी गेलो, कडी ओढली, हाका मारल्या. फटीतून धूर दिसतो का म्हणून खाली वाकलो, तर गुडघ्यामुळे उठता येईना. तसाच बसून राहिलो. खालच्यांचं दूध करपलं होतं, एवढंच. संध्याकाळी दादाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दाराजवळ जायचीही बंदी घातली असती.

आता नीट ऐक. तू लग्नाआधी वापरायचीस ती या दाराची किल्ली तुझ्याकडे असेल, आतूनही लागते ती. लाल दोरा मीच ओवला होता. ती पाठव. दादाला फोन करू नकोस, भांडू तर मुळीच नकोस. तो घाबरलाय, आणि घाबरलेला माणूस कुलूप बदलतो. मी काही पळून जाणार नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन येईन. नाहीतर जाणारही नाही, नुसती खिशात राहू दे.

टपालानं नको, पेटी वहिनी उघडते. सकाळी भाजीवाला येतो तेव्हा मी खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडतो. ही दोरी वहिनीनंच आणून दिली, तेवढी एक वाट मोकळी आहे. हे पत्र त्याच पिशवीतून खाली जाईल. तो टाकतो म्हणालाय, भला माणूस आहे. तूही सकाळी येऊन त्याच्याकडेच दे. मी त्याला ओळख सांगून ठेवलीय, नाक माझ्यासारखं.

नाहीच सापडली किल्ली, तर दोन ओळी तरी पाठव. पण लवकर पाठव, बाळ. पिशवी वर ओढताना आधी मी तिचं वजन बघतो.

तुझी वाट पाहणारा,
बाबा